जुनी मोठी गाडी घरी सांभाळताना: आधी परतीची वाट, मग पाना

वीस-पंचवीस वर्षं चाललेली मोठी सेडान किंवा स्टेशन वॅगन घरी दुरुस्त करायला घेतली की काम अडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल सोडून दिलं आणि मग कळलं की भरायचा बोल्ट हलतच नाही. ब्रेकचे पॅड बदलून झाले आणि ब्रेक ऑइलमधली हवा काढायला गेल्यावर निपल (ती सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) तुटला. नवीन हेडलाइट बसवले, पण अर्थिंगची वायर गंजलेली, म्हणून उजेड पहिल्यासारखाच पिवळा. गाडी अशी अर्धवट उघडी पडली की ती चालवत गॅरेजलाही नेता येत नाही.

म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न आधी विचारला आहे: हे काढलं, तर परत बसवण्याची वाट मोकळी आहे का? ती तपासल्याशिवाय पाना लावायचा नाही. कामांचा क्रमही ठरलेला आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग इंजिन थंड राहिलं पाहिजे, मग ऑइल, मग वीज, मग चाल. हौसेचं सामान सगळ्यांत शेवटी. नवी म्युझिक सिस्टिम आणि चौदा वर्षांचे ब्रेक होज (ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) एकाच गाडीत पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

## टप्पा १: पहिला दिवस नुसत्या तपासणीचा

या दिवशी एकही बोल्ट काढायचा नाही. वही, टॉर्च, मल्टिमीटर, टायरमधली हवा मोजायचा गेज आणि तुमच्याच मॉडेलचं दुरुस्ती-पुस्तक एवढंच घ्या. गाडीसोबत येणारं छोटं माहितीपुस्तक पुरत नाही. कोणता बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा आणि कोणत्या डब्यात कुठलं ऑइल किती लिटर मावतं, हे दुरुस्ती-पुस्तकातच सापडतं.

गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथे खाली पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग बघा. काळा डाग इंजिन ऑइलचा, लालसर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर ब्रेक ऑइल गळतंय असं धरूनच चाला आणि ते सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. बाजूच्या रबराला बारीक भेगा दिसल्या की नक्षीकडे बघायची गरजच राहत नाही.

मग ज्या ज्या नट-बोल्टांना पुढच्या आठवड्यात हात लावायचा आहे त्यांची यादी करा आणि त्यांवर गंज सोडवणारं तेल आजच मारून ठेवा. पाना लावायच्या पाच मिनिटं आधी मारलेल्या तेलाचा काही उपयोग होत नाही. त्याला आट्यांत उतरायला रात्र लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मारलं तर आणखी बरं. ब्रेक डिस्क आणि पॅडवर मात्र याचा थेंबही उडू देऊ नका.

तपासा: प्रत्येक कामाचं सामान हातात आल्याशिवाय ते काम सुरू करू नका. वॉशर, गॅस्केट, क्लिपा हे किरकोळ वाटणारं सामानही त्यात धरा. काम बहुतेक वेळा यांच्यासाठीच अडून बसतं.

## टप्पा २: गाडी उचलणं

मोठ्या गाडीचं वजन दीड ते दोन टनांच्या घरात असतं. जॅक हा उचलण्यापुरता. गाडी पेलून धरायचं काम स्टँडचं.

१. जमीन सपाट आणि पक्की हवी. डांबर उन्हात मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. खाली जाड फळी घाला.

२. जी बाजू जमिनीवर राहणार तिथल्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा.

३. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. उचललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावणं म्हणजे गाडी स्टँडवरून ढकलणंच.

४. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावा. गंजलेल्या गाडीत ती जागा आधी टोचून बघा. पत्रा कुरकुरला तर दुसरी जागा शोधा.

५. स्टँड लावा, गाडी त्यांवर टेकवा आणि बाजूने जोरात ढकलून पाहा. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको.

सावधान: बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि ऑटोमॅटिकचं ‘पार्क’ ज्या चाकांना ताकद जाते त्यांना धरतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची बाजू उचलली की हातब्रेक आणि पार्क दोन्ही एकदमच निकामी होतात. तेव्हा गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे.

## टप्पा ३: ब्रेक

इथे सगळ्यात आधी निपल. पॅड, डिस्क, होज काहीही सोडवण्यापूर्वी चारही चाकांचे हवा काढायचे निपल पाव फेरा सुटतात का ते बघा. सहा कोनांचं सॉकेट वापरा. साध्या पान्याने त्यांचे कोपरे गोल होतात. सुटत नसेल तर जोर वाढवू नका. तेल, थोडी वाट, मग मागे-पुढे अलगद हालचाल, असं करत राहा. मी एकदा घाईत निपल मुळापासून तोडला आणि ठीकठाक चालणारा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) केवळ त्यापायी बदलावा लागला.

पॅड बदलताना

एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे जोडणी विसरली तर पलीकडचं चाक नमुन्याला असतं. कॅलिपर सुटला की तो तारेने स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्यातून थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर ते वर येऊन सांडतं. हे ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. मागच्या कॅलिपरमध्ये हातब्रेकची यंत्रणा असेल तर तिथला पिस्टन बऱ्याच गाड्यांत नुसता दाबला जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्प लावून जबरदस्ती केली की आतली यंत्रणा तुटते.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या काढून, पुसून, त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. पिन अडकलेल्या असतील तर एकच पॅड झिजतो, आणि लोक पुन्हा पुन्हा पॅडच बदलत बसतात. डिस्कची जाडीही मोजून घ्या. किमान किती हवी तो आकडा बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो.

रबरी होज जुने असतील तर याच वेळी बदला. आतून सुजलेला होज पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. मग ते चाक चालता चालता तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि दोष कॅलिपरवर जातो.

हवा काढताना

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइलं एकाच कुळातली आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याची यांच्याशी सोयरीक नाही. नावं जवळजवळ सारखी असल्याने गल्लत होते. झाकणावर लिहिलेलंच वापरा आणि डबा नवा फोडा. हे ऑइल हवेतली वाफ शोषतं. नवं डॉट ४ किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५°पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, मग गाडी चालली असो वा नसो.

सर्वसाधारण क्रम असा: मास्टर सिलिंडरपासून (पेडलमागे ऑइलला दाब देणाऱ्या पंपापासून) सगळ्यात लांबचं चाक पहिलं, जवळचं शेवटी. एबीएस असलेल्या काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तिथे पुस्तकाचं ऐका. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल उघडता, ऑइल येतं, तुम्ही निपल बंद करता, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच तो पाय उचलतो. दोघांनी आधी शब्द ठरवून घ्या. पाय लवकर उचलला तर काढलेली हवा पुन्हा आत जाते.

सावधान: जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरमधली रबरं वर्षानुवर्षं वरच्या अर्ध्या भागातच फिरलेली असतात. खालच्या भागात गंज आणि गाळ असतो. तळापर्यंत दाबलं की रबरं त्यावर खरवडतात आणि दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू खाली जायला लागतं. दर पाच-सहा दाबांनंतर डब्यात ऑइल भरा. डबा एकदा रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून.

तपासा: गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारा. नवीन पॅडनंतरचे पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात, आणि ते गेटच्या तोंडाशी कळून उपयोग नसतो. नंतर मोकळ्या जागी, कमी वेगात, हातब्रेक हाताशी ठेवून चार-पाच वेळा थांबून बघा.

## टप्पा ४: पाणी आणि कूलंट

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही. आत दाब असतो, आणि झाकण निघाल्याबरोबर शंभराच्या वर तापलेलं पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येतं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्याची वायर काढून ठेवा.

१. वरचा आणि खालचा होज दाबून बघा. क्लिपेजवळ लिबलिबीत, मधे कडक, किंवा दाबल्यावर आत करकर वाजला तर बदला. खालचा लोक विसरतात, कारण तो दिसत नाही.

२. रेडिएटरचा खालचा बोल्ट उघडून पाणी सोडा. हा प्लास्टिकचा असेल तर वयाने ठिसूळ झालेला असतो. त्याच्याशी भांडू नका, खालचा होज काढा.

३. साध्या पाण्याने धुवा, इंजिन गरम होऊ द्या, थंड करा, पुन्हा सोडा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच.

४. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढलाच आहे तर तपासा. दोरीने टांगून पाण्याच्या भांड्यात सोडा, थर्मामीटर लावा, पाणी तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथूनच अडकलेली हवा सुटते.

आता भरणं. चूक इथेच होते. धुतल्यावर रेडिएटर रिकामा होतो, पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये साधं पाणी उरतंच. त्यावर अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं तयार मिश्रण ओतलं तर शेवटी प्रमाण पातळ होतं. म्हणून पुस्तकातली एकूण क्षमता बघा आणि तिच्या निम्मं शुद्ध, न मिसळलेलं कूलंट आधी ओता. क्षमता बारा लिटर असेल तर सहा लिटर. उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलंय की ‘कॉन्सन्ट्रेट’, हे दोनदा वाचा. कूलंटचा रंग ही फक्त रंगवणाऱ्याची मर्जी; दोन हिरवी कूलंटं एकाच प्रकारची असतील याची खात्री नाही.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. वरचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत अजून हवा अडकली आहे.

टाळा: थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘गाडी थंड राहते’ म्हणून हा सल्ला अजून फिरतो. मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दोष झाकला जातो. गळती बंद करणारी पावडरही नको. ती आधी हीटरची बारीक नळी बुजवते.

जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते विषारी असतं, आणि गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात.

## टप्पा ५: ऑइलं

एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे: सोडायचा बोल्ट काढण्याआधी भरायचा बोल्ट काढून बघा. मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हींना हे लागू. भरायचा निघाला नाही तर काम तिथेच थांबवा. जुनं ऑइल आत असेपर्यंत गाडी निदान चालते.

इंजिन ऑइल बदलताना जुना फिल्टर काढला की त्याचं रबरी कडं फिल्टरबरोबरच आलं का ते बघा. ते इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन कडी एकमेकांवर येतात. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पॅन काढल्यावर सगळं ऑइल निघत नाही, बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या ऑइलने भरलेल्या जोडणीत) राहतो. त्यामुळे किती निघालं ते मोजा आणि तेवढंच भरा, मग पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला पातळी बघा. मशीन लावून दाबाने धुण्याच्या फंदात जुन्या गिअरबॉक्सवर मी पडत नाही. पॅनचे बोल्ट फार हलके आवळायचे असतात. जोर लावला की पॅनची कड वाकते आणि नवीन गॅस्केटही गळतं. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. धातूचे तुकडे सापडले तर ते काम घरचं उरलं नाही.

## टप्पा ६: वीज

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलटं केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

नवीन बॅटरी किंवा अल्टरनेटर घेण्याआधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५च्या वर गेलं तर वायर किंवा तिचं टोक गंजलंय. सोडवा, धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट लावा.

हेडलाइटचा रिले

जुन्या गाड्यांत बऱ्याचदा हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. बारीक वायर, जुने जोड, वाटेत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो: दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. आधी मोजा. इंजिन आणि दिवे सुरू असताना बल्बच्या मागच्या जोडावर किती आणि बॅटरीवर किती. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असेल तर रिलेची (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचची) गरज नाही, काच घासून घ्या.

फरक जास्त असेल तर डिमला एक आणि अपरला एक, असे दोन रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला जुन्या हेडलाइटच्या जोडातून येणारा इशारा, ८५ अर्थिंगला. काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूने तोडतो. तिथे ही जोडणी चालत नाही, आधी वायरिंगचा नकाशा बघा. ५५ वॅटचे दोन बल्ब सुमारे ९ अँपिअर घेतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिव्यांची अर्थिंगही नवी टाका, नाहीतर अर्धंच काम होतं.

सावधान: फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. तो वायरीला वाचवायला असतो. दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब घालू नका, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला रस्ता नीट दिसत नाही.

## टप्पा ७: बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर

मोठी गाडी ‘बोटीसारखी’ डोलायला लागली की सगळे शॉककडे धावतात. आधी जॉइंट आणि बुश (जोडांमधली रबरी कडी) बघा. शॉक बदलायचे तर जोडीने, एकाच अॅक्सलचे दोन्ही.

नवीन रबरी बुश वर्षभरात फाटायचं मुख्य कारण एकच: गाडी हवेत असताना आवळलेले बोल्ट. चाक लोंबकळत असताना आवळलं तर बुश त्या कोनात पकडला जातो, आणि गाडी खाली ठेवल्याबरोबर तो कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, आणि मगच टॉर्क रेंचने आवळा.

स्प्रिंगवाल्या स्ट्रटचा (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाचा) वरचा मधला नट घरी सोडवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. स्ट्रट अख्खा काढा आणि स्प्रिंगचं काम योग्य अवजार असलेल्याकडे न्या. सगळं झालं की व्हील अलाइनमेंट.

## टप्पा ८: खाली उतरवल्यावर

चाकाचे नट समोरासमोर, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे, दोन फेऱ्यांत आवळा. शेवटचा फेरा गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस लावलेला नट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो.

पहिली फेरी घराजवळच. परत आल्यावर कूलंटची पातळी थंड इंजिनवर, ऑइलची पातळी आणि खाली पुन्हा तोच पुठ्ठा. चारही चाकांजवळ हात न लावता धग जाणवते का बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा आणि काय केलं, कुठलं ऑइल किती घातलं, ओडोमीटरवर किती होतं, ते वहीत लिहून ठेवा.